मोरीतले दोन इंच पाणी आणि छपरावरची नळी



गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक विचित्र वास सुटला. मुलगा परगावी नोकरीला गेल्यापासून त्याची खोली व खोलीला लागून असलेले न्हाणीघर बंदच असते. दार उघडले की सडक्या अंड्यासारखा भपकारा येई. घरात आधी उंदीर मेल्याची शंका निघाली. कपाटे सरकवली, माळा झाडला. नंतर फिनाइलची एक बाटली मोरीत रिकामी केली. दोन दिवस बरे वाटले, तिसऱ्या दिवशी वास पुन्हा हजर. अखेर ओळखीच्या गवंड्याला बोलावले. त्याने मोरीवरची जाळी उचलली, आत बॅटरीचा उजेड पाडला आणि म्हणाला, "काका, फिनाइल राहू द्या. आधी यात दोन तांबे पाणी ओता." पाणी ओतले, खिडकी उघडली आणि तासाभरात वास गेला.

त्याला चहा दिला तेव्हा तो जे बोलला ते माझ्या मनात घर करून राहिले. "लोक फरशीचा रंग निवडायला चार दुकाने फिरतात, पण फरशीखाली काय बसवले ते विचारत नाहीत." हे म्हणणे मला शंभर टक्के पटते. म्हणून आज बी-बियाणे व खत-फवारणी बाजूला ठेवून मोरीखालच्या पाण्याबद्दल आणि छपरावरच्या नळीबद्दल लिहितो. विषय हलका वाटेल. पण या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष केल्याने दुर्गंधी, डास, आजार आणि प्रसंगी मृत्यूही घरात येतो.

जुनी मोरी आणि नवी मोरी

आपल्या आजीच्या घरातली मोरी आठवा. दगडी चौकट, कोपऱ्यात घंगाळ आणि भिंतीला एक भोक. पाणी त्या भोकातून परसात जाई. तिथे अळू, केळ किंवा कर्दळ लावलेली असे. पाणी उघड्यावर पडे, माती ते पिऊन टाकी आणि उरलेले ऊन व वारा सुकवी. त्या मोरीला सापळा नव्हता आणि त्याची गरजही नव्हती, कारण भोकाच्या पलीकडे मोकळे आकाश होते.

आज तसे नाही. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, आजव्याच्या तलावाचे पाणी नळाने बडोदे शहरात आले. नळ आला की मागोमाग गटार येतेच. घरात आलेले पाणी कुठेतरी बाहेर न्यावेच लागते. नंतर शहर वाढले आणि आता आजूबाजूच्या गावांतही घरोघरी नळ, संडास व पक्के न्हाणीघर झाले आहे. आपल्या मोरीच्या पलीकडे आता केळीचा बुंधा नसून गटाराची नळी असते, नाहीतर मैल्याची टाकी. ती टाकी चोवीस तास कुजत असते आणि कुजताना वायू सोडते. मोरी बदलली, पण मोरीविषयीची आपली समजूत आजीच्या काळातलीच राहिली. सगळा घोटाळा इथे आहे.

सापळा म्हणजे काय?

संडासाच्या भांड्याखाली, बेसिनखाली आणि मोरीच्या जाळीखाली नळीला एक वाकण दिलेले असते. त्या वाकणात पाणी कायम साचून राहते. वापरलेले पाणी वरून आले की साचलेले पुढे ढकलले जाते आणि नवे पाणी त्याची जागा घेते. या वाकणालाच सापळा किंवा ट्रॅप म्हणतात. त्यातले पाणी म्हणजे एक दार आहे. मैलापाणी त्यातून पुढे जाते, पण टाकीतला वायू, झुरळे आणि डास मागे येऊ शकत नाहीत. साधारण घरगुती सापळ्यात हे पाण्याचे दार ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच खोल असते.

ही युक्ती नवीन नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली इंग्लंडमध्ये संडासाच्या अशा वाकड्या नळीचे पेटंट घेतले. तेव्हापासून आजपर्यंत अनेक सुधारणा झाल्या, पण मूळ युक्ती तीच राहिली. तिच्यात ना स्प्रिंग आहे, ना रबर, ना झिजणारा भाग. फक्त पाणी आहे. आणखी एक गंमत सांगतो. मोरीच्या जाळीखालच्या सापळ्याला आपल्या देशातले इंजिनिअर इंग्रजी पुस्तकातसुद्धा 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचा शब्द त्यांच्या पुस्तकात गेला. आपण मात्र न्हाणीखाली काय आहे ते विसरलो.

शेतकऱ्याला ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. ज्यांच्या गोठ्यामागे तरंगत्या टोपीचा गोबरगॅस आहे किंवा होता, त्यांनी आठवून पाहावे. लोखंडी टोपीची कड शेणाच्या स्लरीत बुडालेली असते. ना झाकण, ना बोल्ट, तरी गॅस बाहेर जात नाही. त्याला स्लरीच अडवते. गॅसचा जोर साधारण ८ ते १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा असतो आणि टोपी त्याहून कितीतरी खोल बुडालेली असते, म्हणून गॅस आतच राहतो. मोरीच्या सापळ्यातही नेमके हेच घडते. फरक एवढाच की इथे पाणी फक्त ५ सेंटिमीटर आहे. टाकीतल्या गॅसचा जोर त्यापेक्षा वाढला, तर तो बुडबुडत घरात येणारच.

नळीला श्वास हवा

आता दुसऱ्या गोष्टीकडे वळू. तेलाच्या बंद डब्याला एकच भोक पाडून तेल ओतून पाहा. तेल सरळ पडत नाही; गचके खात, गुटुक-गुटुक करत पडते. दुसऱ्या बाजूला एक बारीक भोक पाडले की धार सरळ लागते. पहिल्या भोकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. हवा आत गेली नाही, तर तेल बाहेर येताना मिळेल तिथून हवा ओढते.

सांडपाण्याच्या नळीचे असेच आहे. संडासात बादलीभर पाणी एकदम ओतले की ते नळीत एका लोंढ्यासारखे खाली धावते. लोंढ्याच्या मागे हवा विरळ होते आणि पुढे हवा दाबली जाते. नळीला वरून हवा घेण्याची वाट नसेल, तर लोंढा जवळच्या मोरीच्या किंवा बेसिनच्या सापळ्यातून हवा खेचतो आणि हवेबरोबर सापळ्यातले पाणीही ओढून नेतो. खालच्या मजल्यावर उलट होते. दाबलेली हवा तिथल्या सापळ्यातून बुडबुड करत वर येते. हुक्का ओढताना पाण्यातून येतो तसाच तो आवाज असतो. पुष्कळ घरांत वरच्या मजल्यावर पाणी सोडले की खालची मोरी 'बोलते'. लोक हसण्यावारी नेतात. खरे म्हणजे ती तक्रार करत असते: मला हवा द्या.

ड्रममधून नळीने डिझेल काढताना आपण एकदा तोंडाने ओढतो आणि मग धार आपोआप चालू राहते. सापळ्याच्या पुढची नळी सरळ खाली उतरत असेल आणि पाण्याने पूर्ण भरली, तर तिथेही तशीच धार लागते आणि सापळा स्वतःच रिकामा होतो. म्हणून सापळ्यानंतर नळी थोडी आडवी न्यावी आणि तिला हवेची जोड द्यावी.

ही हवा देणारी नळी म्हणजे वायुनळी, व्हेंट पाइप. ती मुख्य नळीला किंवा टाकीला जोडलेली असते आणि छपराच्या वर उघडी सुटते. ती दोन कामे करते. लोंढा धावताना नळीला हवा पुरवते, म्हणजे सापळ्यातले पाणी जागेवर राहते. आणि टाकीत तयार होणारा वायू उंचावर सोडून देते, म्हणजे त्याचा जोर सापळ्यावर येत नाही. सापळा दार आहे, तर वायुनळी नाक आहे. नाक दाबले की तोंड उघडते, ही आपली म्हण इथे शब्दशः खरी आहे: वायुनळी बंद केली की मोरी तोंड उघडते.

आपण करतो त्या चुका

माझे मत स्पष्ट आहे. आपल्या घरांतली निम्मी दुर्गंधी गवंड्याच्या अज्ञानातून येते आणि निम्मी आपल्याच हाताने ओढवलेली असते. काही नेहमीच्या चुका पाहा.

पहिली चूक: मोरीत पाणी हळू जाते म्हणून जाळीखालची वाटी काढून टाकणे. काही सापळ्यांत पाण्याचे दार त्या उलट्या वाटीमुळेच तयार होते. ती काढली की पाणी भराभर जाते हे खरे, पण दारच उखडून फेकल्यासारखे होते. वाटी काढून केस व साबणाचा गाळ धुवावा आणि ती परत जागेवर बसवावी.

दुसरी चूक: बेसिनची पन्हळी प्लॅस्टिकची नळी सरळ भोकात खुपसणे. तिच्या वाटेत कुठेच पाण्याचे दार नसेल आणि भोकाभोवती फट असेल, तर झुरळांना राजमार्ग मिळतो. बेसिनखाली बाटलीच्या आकाराचा तयार सापळा मिळतो, तो बसवावा. निदान नळीला खाली एक वाकण देऊन ते तारेने पक्के करावे आणि भोकाची फट बुजवावी. कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळीलाही हाच नियम.

तिसरी चूक: वापरात नसलेली न्हाणीघरे विसरणे. वैशाखात बडोद्याचा पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा उन्हाळ्यात सापळ्यातले दोन इंच पाणी किती टिकणार? मुले परदेशी गेलेली घरे, पाहुण्यांची खोली, चर्चच्या सभागृहाची केवळ सणाला उघडणारी स्वच्छतागृहे या सगळ्या ठिकाणी सापळे कोरडे पडतात. आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतणे एवढाच त्यावर उपाय. महिना-दोन महिने घर बंद ठेवायचे असेल, तर पाणी भरल्यावर वरून चमचाभर खाण्याचे तेल सोडावे. तेलाचा थर पाण्याची वाफ होऊ देत नाही.

चौथी चूक: वास येतो म्हणून वायुनळीच्या तोंडाला बोळा कोंबणे किंवा ती छपराखालीच कापणे. "नळी लावली तर गल्लीत वास येतो," अशी तक्रार असते. तक्रार खोटी नाही, पण तिचे कारण नळी बुटकी असणे हे आहे. नळी निदान ५० मिलिमीटर व्यासाची असावी, आणि टाकी घराजवळ असेल तर ती घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर वर न्यावी. तेवढ्या उंचीवर वारा वायू पांगवून टाकतो. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर नळी सोडणे हा मात्र शेजारधर्म नव्हे.

पाचवी चूक: वायुनळीच्या तोंडाला जाळी नसणे. क्यूलेक्स जातीचा डास घाण पाण्यात वाढतो आणि मैल्याची टाकी त्याला फार आवडते. हत्तीरोगाचा प्रसार हाच डास करतो. दक्षिण गुजरातच्या लोकांना हा रोग नवा नाही. उघडी वायुनळी म्हणजे डासांच्या कारखान्याचे धुराडे. नायलॉनची बारीक जाळी तोंडावर घट्ट बांधली की डास आत जात नाहीत आणि आत वाढलेले बाहेर पडत नाहीत. साधी लोखंडी जाळी टाकीच्या वायूने लवकर गंजते. नायलॉन उन्हाने जिरते, म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी ती तपासावी.

कोरडा सापळा आणि साथ

यावर कोणी म्हणेल, वासाने काय मरतो माणूस? त्यांच्यासाठी हाँगकाँगची गोष्ट सांगतो. २००३ साली सार्सच्या साथीत तिथल्या अमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत ३०० हून अधिक रहिवासी आजारी पडले. एकमेकांना न भेटलेली, वेगवेगळ्या मजल्यांवर राहणारी माणसे आजारी कशी पडली, याचा तपास झाला. तेव्हा असे दिसले की अनेक घरांतल्या न्हाणीघराच्या जमिनीतले सापळे कोरडे पडले होते. लोक फरशी पाण्याने न धुता पुसून घेत, म्हणून सापळ्यात पाणी जात नसे. न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा पंखा लावला की कोरड्या सापळ्यातून सांडपाण्याच्या नळीतली हवा, तिच्यातल्या सूक्ष्म तुषारांसह, घरात ओढली जाई. रोग पसरण्याची ती एक मोठी वाट होती, असे तपासणाऱ्यांनी सांगितले.

आपल्याकडेही आता न्हाणीघरात असे पंखे आले आहेत, आणि फरशी धुण्याऐवजी पुसण्याची पद्धतही आली आहे. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत. मात्र त्यांच्यासोबत तांब्याभर पाण्याची आठवण ठेवावी.

डभोईजवळची ती रात्र

आता सर्वांत दुःखाचा भाग. २०१९ च्या जून महिन्यात आपल्याच वडोदरा जिल्ह्यात, डभोई तालुक्यातील फर्तिकुई गावात, एका हॉटेलची मैल्याची टाकी साफ करताना सात माणसे गुदमरून मेली. त्यांत चार सफाई कामगार होते आणि तीन हॉटेलचे कामगार. एकजण आत उतरला तो वर आला नाही. त्याला पाहायला दुसरा गेला, मग तिसरा. प्रत्येकजण आधीच्याला वाचवायला गेला आणि तिथेच राहिला.

हे का होते ते नीट समजून घ्या. टाकीत मैला कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. मिथेन पेट घेतो. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. तो थोडा असतो तेव्हा वास येतो. पण जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. म्हणजे धोका वाढतो तेव्हा वास नाहीसा होतो आणि माणसाला वाटते, आता हवा शुद्ध झाली. दोन-चार श्वासांत शुद्ध हरपते. झाकण उघडून तासभर थांबले, दोरीने कंदील सोडून पाहिला, असे घरगुती उपाय इथे चालत नाहीत. कंदिलाने तर स्फोट होऊ शकतो. वायुनळी चांगली असली तरी टाकी आत उतरण्याजोगी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. नळी घराला वाचवते, टाकीत उतरणाऱ्याला नाही.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने, संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवण्यास बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अशा मृत्यूबद्दल वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले आणि २०२३ साली ही रक्कम तीस लाखांवर नेली. पण रक्कम कितीही वाढली तरी गेलेला बाप परत येत नाही. 'आम्ही फक्त मजुरी दिली, उतरला तो त्याच्या मर्जीने,' असे म्हणून घरमालकाला हात झटकता येणार नाहीत. स्वस्तात काम होते म्हणून आपण दुसऱ्याच्या लेकराला ज्या खड्ड्यात उतरवतो, त्यात आपल्या लेकराला उतरवू का? शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा धडा आपण दर रविवारी ऐकतो. टाकी भरली की उपसणारे यंत्र व टँकर बोलवावा. पैसे जास्त पडतील, तर पडू द्यावेत.

जोडखड्ड्याचे गणित वेगळे

गावाकडच्या वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, कारण इथे उलटीच चूक होते. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत मोहीम सुरू झाल्यावर खेड्यांतून दोन शोषखड्ड्यांचे संडास मोठ्या संख्येने झाले. गुजरातीत आपण ज्याला खाळकुवो म्हणतो, तसे दोन खड्डे, भिंतीला जागोजाग भोके ठेवून बांधलेले. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचे. या खड्ड्यांतला वायू भोकांतून आजूबाजूच्या मातीत जिरतो. म्हणून त्यांना वायुनळीची गरज नाही. तरीही अनेक ठिकाणी कंत्राटदार शोभेसाठी पांढरी नळी उभी करतात. ती वास आणि डास दोन्ही आणते. अशी नळी असेल तर काढून भोक पक्के बुजवावे.

थोडक्यात, बंद टाकीला वायुनळी हवीच, भोकाच्या खड्ड्याला नकोच. हा फरक प्रत्येक गवंड्याला आणि प्रत्येक घरधन्याला पाठ असावा.

सापळा मात्र दोन्हीकडे हवा. खेड्यासाठी जास्त उताराचे खास भांडे मिळते. त्याच्या सापळ्यात पाण्याचे दार फक्त २० मिलिमीटर असते, म्हणून दीड-दोन लिटर पाण्यात काम भागते. शहरी थाटाचे कमी उताराचे भांडे लावले की दर वेळी बादलीभर पाणी लागते, खड्डे लवकर भरतात आणि मग लोक म्हणतात, सरकारी संडास बिनकामाचा. दोष संडासाचा नसतो, भांड्याचा असतो.

मोरीचे व स्वयंपाकघराचे पाणी या खड्ड्यांत सोडू नये. ते आजीच्या पद्धतीने परसात केळीला, अळूला द्यावे. दोन्ही खड्ड्यांत निदान एक मीटर अंतर ठेवावे. विहीर किंवा हातपंप निदान १० मीटर दूर असावा, आणि जमीन भुसभुशीत वाळूची असेल किंवा पाणी वर असेल, तर त्याहूनही दूर. आपल्या भागातल्या गोराडू जमिनीत पाणी चांगले जिरते. काळ्या जमिनीत ते सावकाश जिरते, तिथे खड्डा मोठा घ्यावा आणि भोवती वाळू भरावी.

बंद केलेला खड्डा दीड ते दोन वर्षे तसाच राहू दिला की आतल्या मैल्याचे कोरडे, बिनवासाचे खत होते. शेतकऱ्याने ते वाया घालवू नये. मैल्याचे खत हे सोने आहे असे सांगत कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्य वेचले. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडास गोबरगॅसला जोडून दाखवले. आपल्या गुजरातेत ईश्वरभाई पटेलांनी सफाई विद्यालयातून हाच विचार गावोगावी नेला. या मंडळींनी जन्मभर सांगितलेली गोष्ट आपण निदान आपल्या अंगणापुरती तरी ऐकावी.

पुराची आठवण

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले ते कोणी विसरलेले नाही. नदी चढते तेव्हा गटार उलटे वाहते आणि तळमजल्याच्या मोरीतून घाण पाणी वर येते. दोन इंचांचा सापळा याला अडवू शकत नाही. ते त्याचे कामच नव्हे. सखल भागातल्या घरांनी बाहेरच्या चेंबरजवळ एकाच दिशेने उघडणारी झडप बसवून घ्यावी आणि तिच्यातला गाळ वर्षातून एकदा काढावा. पूर ओसरल्यावर सर्व सापळे भरपूर पाण्याने धुवावेत, कारण त्यांत चिखल बसलेला असतो.

घरच्या घरी तपासणी

शेवटी, पैसा न लागणाऱ्या तीन परीक्षा देतो. रविवारी दुपारी मुलांना हाताशी घेऊन करून पाहा.

१. बॅटरी घेऊन प्रत्येक मोरीच्या जाळीत पाहा. तळाशी पाणी चमकले पाहिजे. चमकले नाही तर एक तांब्या पाणी ओता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा. एका रात्रीत पाणी गेले तर सापळा फुटलेला आहे किंवा हवेअभावी ओढला जात आहे.

२. एकाने संडासात बादलीभर पाणी एकदम ओतावे, दुसऱ्याने मोरीजवळ कान द्यावा. गुडगुड आवाज आला तर वायुनळी नाही, बुजली आहे किंवा अपुरी आहे.

३. उत्तरायणातल्या फाटक्या पतंगाच्या कागदाची एक बारीक पट्टी मोरीच्या जाळीवर धरा आणि न्हाणीघरातला पंखा लावा. पट्टी जाळीकडून वर फडफडली तर दार उघडे आहे. मेणबत्ती किंवा उदबत्तीने ही परीक्षा करू नका, आणि टाकीच्या झाकणाजवळ तर काडीसुद्धा ओढू नका.

नवे घर बांधणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे. फरशी बसवण्याआधी गवंड्याला चार प्रश्न विचारा. प्रत्येक भोकाखाली सापळा आहे का? नळीला छपरापर्यंत हवा आहे का? नळीच्या तोंडाला जाळी आहे का? आणि टाकी उपसायला टँकरची नळी पोहोचेल असे झाकण ठेवले आहे का? सिमेंट वाळण्यापूर्वी हे प्रश्न फुकट असतात. वाळल्यावर फरशी फोडावी लागते.

आणि ज्यांची घरे बांधून झाली आहेत त्यांनी आज संध्याकाळी एक काम करावे. घरातली जी मोरी आठवडाभर कोणी वापरली नाही, तिच्यात तांब्याभर पाणी ओतावे. सभागृहाची किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांनी तिथेही तेच करावे. शेताच्या बांधाला भोक पडले की आपण रात्री-अपरात्री फावडे घेऊन धावतो. हा दोन इंचांचा बांधही आपलाच आहे.